ज्याचं पाणी, त्याला विचारा

खाऱ्या पाण्यातला मासा गळाला लावायचा, दमेपर्यंत खेळवायचा, ओढून हातात घ्यायचा, फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा. या खेळाला हल्ली 'निसर्गप्रेम' म्हणतात. माझं भांडण या शब्दाशी आहे. खेळाला खेळ म्हणा, मी गप्प बसेन. पण गळ टाकणाऱ्याने स्वतःला समुद्राचा रखवालदार म्हणवून घ्यायचं आणि पोटासाठी जाळं टाकणाऱ्याला समुद्राचा शत्रू ठरवायचं, हे मला मान्य नाही.

आधी माझा पत्ता सांगतो, कारण तो ऐकून लोक हसतात. मी फुलचूरचा. गोंदिया शहराला लागूनच आहे गाव. मुंबईहून सुटलेली विदर्भ एक्स्प्रेस रात्रभर धावून गोंदियाला येऊन थांबते, कारण पुढे महाराष्ट्रच फारसा उरत नाही. आमच्यापासून कोकणचा किनारा हजारेक किलोमीटर. आमच्याकडे समुद्र म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र. मग मी कशाला या भानगडीत पडतो? कारण समुद्र नसला तरी पाणी आमच्याकडे आहे, मासोळी आहे, आणि मासोळीवर जगणारी माणसं आहेत. पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न खारं-गोडं बघत नाही.

पुण्यात नोकरीला असलेल्या मित्रांबरोबर मी अशा एका सहलीला जाऊन आलो. दोन रात्री, तीन दिवस. किनाऱ्यावर तंबू, शेकोटी, बार्बेक्यू, गिटार आणि दुसऱ्या दिवशी पहाटे 'सॉल्टवॉटर फ्लाय फिशिंग'चं सत्र. आयोजकांचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. एकट्या त्यांचा हा दोष नव्हे, अशा सहली आता डझनांनी निघतात आणि सगळ्यांची जाहिरात एकाच साच्यातली असते: 'अनोळखी किनारा', 'गर्दीपासून दूर', 'फक्त तुम्ही आणि समुद्र'.

फ्लाय फिशिंगबद्दल आधी चार चांगले शब्द, कारण ते त्याला लागू आहेत. नेहमीच्या गळात शिशाचं वजन असतं, त्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लाय म्हणजे आकड्यावर पिसं, केस, चमकीचे धागे बांधून केलेला खोटा किडा किंवा खोटा छोटा मासा. त्याला वजनच नसतं. म्हणून इथे दोरी जाड आणि वजनदार असते, आणि फेकायची असते ती दोरी. काठी मागे न्यायची, मागे दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. त्या थांबण्यातच सगळं कसब आहे. समुद्रावर समोरून वारा येतो, म्हणून काठी जाड लागते, आठ-नऊ नंबरची. खारं पाणी रीळ खातं, म्हणून प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवायची. हे शिकायला महिने जातात. जिताडा, रावस किंवा ट्रेव्हली असल्या दोरीवर लागला तर माणूस आयुष्यभर सांगत फिरतो, आणि त्यात खोटं काही नसतं.

हे तंत्र जुनंही आहे. एलियन नावाच्या रोमन लेखकाने दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास मॅसिडोनियातल्या लोकांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. ते आकड्याला लाल लोकर गुंडाळायचे, कोंबड्याची पिसं बांधायचे आणि नदीतले मासे धरायचे. म्हणजे फ्लाय फिशिंगची पहिली ठाऊक असलेली नोंदच मुळी नदीकाठच्या माणसांची आहे, त्यांच्या स्वतःच्या नदीवरची. 'साहेबांचा खेळ' हे रूप त्याला फार नंतर आलं.

आणि ते रूप आपल्याकडे साहेबच घेऊन आले. मद्रास प्रांतातला सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' लिहिलं आणि १८८७ मध्ये 'टँक अँगलिंग इन इंडिया'. दुसऱ्या पुस्तकाचं नाव नीट वाचा. टँक म्हणजे तलाव. गावाने खोदलेला, गावाने राखलेला तलाव. त्यात काठी घेऊन बसणाऱ्या साहेबासाठी ते मार्गदर्शक होतं. त्या काळापासून एक विभागणी आपल्या डोक्यात घट्ट बसली आहे. काठीने धरणारा तो शौकीन, जाळ्याने धरणारा तो पोटार्थी. पहिल्याला मासा आवडतो, दुसऱ्याला फक्त हवा असतो. आजच्या सहलीतला प्रशिक्षक हीच विभागणी नव्या शब्दांत सांगतो: 'आपण मासे मारत नाही, आपण जबाबदार अँगलर आहोत.' आणि हे तो जिथे उभा राहून सांगतो, तिथून पन्नास पावलांवर एक माणूस जाळं विणत बसलेला असतो.

आता त्या 'मारत नाही'कडे येऊ. मासा सोडून दिला म्हणजे त्याला काही झालं नाही, हा समज सोयीचा आहे, खरा नाही. झुंजीत मासा दमतो, हवेत धरला की गुदमरतो, कोरड्या हाताने धरला की अंगावरचा चिकट थर निघतो, आणि तोच थर त्याला रोगापासून वाचवत असतो. काटा नसलेला आकडा, ओले हात, पाण्याबाहेर कमीत कमी वेळ हे सगळं पाळलं तर बरेच मासे जगतात. पण फोटोला वेळ लागतो. आमच्या सत्रात एका माशाबरोबर पाच जणांनी आळीपाळीने फोटो काढले. सहावा पुढे झाला तेव्हा मासा हलायचा थांबला होता. त्यालाही 'रिलीज' केलं. व्हिडिओत तो सुंदर दिसतो.

२००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या तोंडाभोवती वेदना टिपणाऱ्या पेशी असल्याचं दाखवलं. माशाला दुखतं म्हणजे नेमकं काय होतं, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण स्वित्झर्लंडने वाट पाहिली नाही. त्यांच्या २००८च्या प्राणीसंरक्षण नियमावलीप्रमाणे सोडून देण्याच्याच इराद्याने मासा धरायला मनाई आहे. जर्मनीतही निव्वळ मौजेसाठी मासा धरून सोडणं कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं. त्यांचं म्हणणं साधं आहे: प्राण्याला त्रास द्यायचा तर त्याला सबळ कारण हवं. खाणं हे कारण आहे. फोटो हे नाही.

गावी परत आल्यावर मी तो व्हिडिओ आमच्या बाजारात मासोळी विकणाऱ्या एका ढिवर काकांना दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला. मग विचारलं, "मंग सोडाचीच होती, त धरली कायले?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या पुण्याच्या मित्रांकडे नव्हतं. 'थ्रिल' हा शब्द काकांना समजावून सांगायचं धाडस मला झालं नाही. ते मूर्ख आहेत म्हणून नव्हे. समजलं असतं, आणि मग त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं असतं ती मला नको होती.

इथे समोरून एक चांगला मुद्दा येतो, तो टाळणार नाही. शौकीन अँगलर होते म्हणून काही मासे वाचले, असं सांगतात, आणि ते पूर्ण खोटं नाही. कावेरीवर महसीरसाठी अँगलरांचे कॅम्प होते. तिथे पहारा असायचा, सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना आळा बसायचा, आसपासच्या गावच्या लोकांना वाटाड्या म्हणून काम मिळायचं. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण गोष्ट तिथे संपत नाही. आपल्या लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महसीरची पैदास होत असे. तिथली निळ्या पंखांच्या महसीरची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला होता, मासे वाढावेत हाच. झालं असं की या पाहुण्या महसीरने नदी व्यापली आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर नाहीसा होत गेला. २०१८ मध्ये तो जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. संशोधकांना हे कशावरून कळलं? अँगलरांच्याच कॅम्पमधल्या नोंदींवरून. म्हणजे नोंदी उपयोगी पडल्या, प्रेमही खरं होतं, आणि तरी नदीचा मासा गेला. प्रेम असणं आणि ठाऊक असणं या दोन गोष्टी आहेत. नदी ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्यांना बाजूला ठेवून केलेल्या प्रेमाचा हा हिशोब आहे.

आता तंबूंकडे. 'रिकामा किनारा' नावाची वस्तू महाराष्ट्रात मला दाखवा. शाळेत आपण ७२० किलोमीटरचा किनारा पाठ केला, पण तो कशासाठी वापरला जातो हे कोणी शिकवलं नाही. जी वाळू तुम्हाला तंबूसाठी सपाट आणि स्वच्छ वाटते, ती सपाट आणि स्वच्छ असते कारण तिथे जवळा वाळत घालतात. उत्तर कोकणात बोंबील सुकवायला बांबूच्या वलांड्या लागतात, त्याही किनाऱ्यावरच. होड्या ओढून ठेवायला जागा लागते, जाळी पसरून दुरुस्त करायला लागते. सिंधुदुर्गात रापण ओढतात ती याच वाळूत पाय रोवून. आमच्या सहलीत सूर्योदयाच्या फोटोत येतात म्हणून मासळी वाळत घालणाऱ्या दोन बायकांना 'जरा पाच मिनिटं बाजूला व्हाल का' असं विचारलं गेलं. त्या झाल्या बाजूला. आपल्या अंगणातून पाहुण्याने आपल्यालाच बाजूला केलं तरी कोकणातली माणसं लगेच भांडत नाहीत. पण त्यांचं न भांडणं म्हणजे परवानगी नव्हे.

वाळू आणखी एकाची आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात कोकणच्या किनाऱ्यांवर रात्री येऊन अंडी घालते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून ही घरटी राखली. आज लोक तिथे पिल्लं समुद्रात जाताना बघायला जातात आणि गावातल्या घरांतच राहतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाकडे चालतं, कारण मोकळ्या किनाऱ्यावर रात्री सगळ्यात उजळ दिशा समुद्राची असते. तिथे तुमची शेकोटी आणि एलईडीच्या माळा असल्या की ते उलट्या दिशेने चालू लागतं. आता कॅम्पिंगचा हंगाम बघा. नोव्हेंबर ते मार्च. तोच. कासवांनी तारखा बदलाव्यात अशी अपेक्षा आहे का?

'पण आम्ही पैसे भरून जागा घेतली होती' असं उत्तर मिळतं. कोणाला भरले? भरती-ओहोटीच्या मधली वाळू कोणाची खाजगी नसते. 'प्रायव्हेट बीच' हा जाहिरातीतला शब्द आहे, सातबाऱ्यावरचा नाही. बियास नदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये सांगितलं की समुद्र, वाहतं पाणी, हवा, जंगल हे सगळं सरकारकडे जनतेची ठेव म्हणून आहे, कोणाच्या खाजगी फायद्यासाठी ते देऊन टाकता येत नाही. तुम्ही पैसे भरलेत ते वाळूमागच्या नारळाच्या वाडीसाठी. वाळूचे नाही.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. 'ट्रॉलर आणि पर्ससीनवाले टनांनी मासे उपसतात, आमच्या एका माशाने काय होतं?' मान्य. समुद्र तुम्ही रिकामा केलेला नाही. पण मग सांगा, तो रिकामा होत होता तेव्हा कोण भांडलं? रापणकर आणि पारंपरिक मच्छीमार भांडले. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ला सरकारने पर्ससीनवर हंगामाचं बंधन आणलं, सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ. त्यामागे या लोकांचे मोर्चे होते. प्रखर दिव्यांच्या उजेडात मासे गोळा करून उपसण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली, ती मोडली जाते म्हणून ओरडतात तेही हेच. पालघरात वाढवण बंदराचं ३० ऑगस्ट २०२४ला भूमिपूजन झालं, तेव्हा विरोधात उभे होते तेही मच्छीमारच. त्या गर्दीत नऊ नंबरची काठी घेतलेला कोणी मला दिसला नाही. समुद्रावर प्रेम करणाऱ्यांना समुद्राच्या भांडणात सुट्टी असते का?

हे सगळं फुलचूरमध्ये बसून मला इतकं का लागतं, ते आता सांगतो. भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे. पूर्व विदर्भात सहा हजारांहून जास्त मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाच्या लोकांनी जमिनीचा उतार बघून पाळ घातली, एका तलावाचं जास्तीचं पाणी दुसऱ्यात जाईल अशी रचना केली. नवेगाव बांध हा त्यातला सगळ्यात नावाजलेला. शेतातल्या छोट्या बोड्या वेगळ्याच. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून ढिवराला आपल्याच गावच्या तलावात मासोळी धरायला सोसायटी करावी लागते, तलाव ठेक्याने घ्यावा लागतो, रक्कम भरावी लागते, बीज विकत आणून सोडावं लागतं. पाऊस कमी पडला तरी ठेक्याचे पैसे ठरलेले. पाळीवर बेशरम माजते, तलाव गाळाने भरतो, मरळ आणि शिंगीसारखे देशी मासे कमी होतात. मनीष राजनकर आणि त्यांच्याबरोबरच्या ढिवर समाजातल्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, आमच्या भागातल्या तलावांत उतरून बेशरम उपटली, पाण्यातली देशी झाडं परत लावली, देशी मासे परत आणायचा प्रयत्न केला. गुडघाभर चिखलात उभं राहून. त्याची रील नाही.

मग मला हिशोब लागत नाही. गावचा ढिवर आपल्या तलावात जाळं टाकतो, तर त्याला ठेका, पावती, मुदत. शहरातला मुलगा परक्या गावच्या पाण्यात काठी टाकतो, तर त्याला फक्त सहलीची फी, तीही आयोजकाच्या खात्यात. पहिला 'लाभार्थी', दुसरा 'निसर्गप्रेमी'. आणि मला स्पष्ट दिसतंय की किनारे गजबजले की हे तंबू आमच्या तलावांच्या पाळीवर येणार. जाहिरात आत्ताच लिहून देतो: 'अनोळखी गोंदिया, फक्त तुम्ही आणि तलाव'. महाराष्ट्रात सारस पक्षी उरलाय तो मुख्यतः आमच्याच धानाच्या बांध्यांत आणि तलावांकाठी. त्याच्या झोपेच्या वेळी गिटार वाजणार. म्हणून कोकणच्या वाळूचं भांडण मी आत्ता, इथून भांडतोय.

'रोजगार मिळतो' असं म्हणतात. मिळावा. पण कोणता? आमच्या सहलीत गावातली दोन पोरं तंबू ठोकायला आणि भांडी घासायला होती. भरती कधी, मासा कुठल्या खडकामागे येतो, वारा केव्हा फिरेल हे त्या दोघांना प्रशिक्षकापेक्षा जास्त माहीत होतं. जेवताना सहज बोलले म्हणून कळलं. त्यांना कोणी 'सर' म्हटलं नाही. रापणीची रीत बघा. जाळं, होडी आणि ओढणारे हात, प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. किनाऱ्यावरच मासळीचे ढीग पडतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाटणी होते. कोकणाला 'ग्रुप अ‍ॅक्टिव्हिटी' शिकवायची गरज नाही, त्यांच्याकडून शिकायची आहे.

जाऊ नका, असं मी म्हणत नाही. समुद्र माझ्यासारख्या तळ्याकाठच्या माणसालाही वेड लावतो. जा, पण पाहुण्यासारखे जा. गावच्या मच्छीमार सोसायटीला आधी विचारा आणि सहलीच्या पैशातला ठरलेला वाटा तिला द्या. गावचा मच्छीमार प्रशिक्षकाच्या जागी उभा करा, त्या जागेच्या मानधनासह. राहायचं तर गावातल्या घरात राहा, वाळू रात्री कासवांसाठी काळोखी ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात, तेव्हा काठीही घरी ठेवा. तुटलेली नायलॉनची दोरी शोधून परत आणा, ती पक्ष्यांच्या पायात अडकते. आणि मासा धरलात तर एकच धरा, झटकन मारा, गावातल्या काकूंकडून कालवण शिकून घ्या आणि खा. खायचा नसेल तर धरू नका. नुसतं पाण्याकडे बघत बसायला काठी लागत नाही.

पुढच्या शनिवारी तुमच्या फोनवर अशा सहलीचं पोस्टर येईल. खाली नंबर असेल. फोन करून तीन प्रश्न विचारा. या किनाऱ्यावर मासळी कोण वाळत घालतं? त्यांना विचारलंय का? माझ्या पैशातले किती त्यांना जातात? उत्तर नीट मिळालं तर बॅग भरा. नाही मिळालं, तर पोस्टर पुढे पाठवू नका.